उसनी चाल आणि ढापलेली चाल

फ्यूजनवाल्या पोरांचं नवीन गाणं आलं की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘ढापलंय.’ दुसरा म्हणतो, ‘सूर सातच आहेत, कुणी नवीन काय आणणार?’ मला दोघांचाही कंटाळा आलाय. पहिल्याला राग आणि चाल यांतला फरक कळत नाही. दुसऱ्याला तो चांगला कळतो, फक्त सोयीचा नसतो.

सोपं आधी उरकतो. राग, ताल, ठेका, गायकीचा ढंग, एखाद्या वाद्याचा नाद, हे कुणाच्या बापाचं नाही. दोन गाणी भैरवीत आहेत म्हणून एकासारखं दुसरं वाटलं, तर ती भैरवी झाली, चोरी नव्हे. आपला ढोलच घ्या. केरळात उत्सवांत आणि निवडणुकीच्या मिरवणुकांत तिथली पोरं ‘नाशिक ढोल’ वाजवतात, आणि त्याला म्हणतातही नाशिक ढोलच. इतकी स्वच्छ उसनवारी शोधून सापडायची नाही. उद्या कुणी त्या ठेक्यावर रॅप केलं तरी माझी काही तक्रार नाही. चांगलं करा म्हणजे झालं.

कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने गाऊन रेकॉर्ड करणं), रिमिक्स, मॅशअप हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा कापून वापरलात तर परवानग्या दोन लागतात: गाणं ज्यांनी रचलं त्यांची आणि रेकॉर्डिंग ज्यांच्या मालकीचं आहे त्यांची. आणि वरातीत बँडवाल्याने काय वाजवलं याची उठाठेव कुणी करू नये. धार्मिक विधी आणि वरात यांतल्या वादनाला कायद्यानेच सूट दिली आहे.

घोळ होतो तो ‘पारंपरिक’ या शिक्क्यापाशी.

‘सुंदर ते ध्यान’ घ्या. शब्द तुकोबांचे, सतराव्या शतकातले. त्यांवर कुणाचा हक्क नाही, कुणीही गावेत. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला दिंड्या येतात. तिथे हा अभंग रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा, अभंग म्हणून कानावर पडतो. एकाने चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा, पखवाज आधी संथ आणि मग चढत जाणार. ती चाल कुणी बांधली हे कुणी विचारत नाही. पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली, सगळ्यांची चाल. ती घ्या, तिच्याखाली गिटार लावा, सिंथ लावा, खुशाल ‘पारंपरिक’ लिहा.

पण फ्यूजनवाले ती घेत नाहीत. ते घेतात लताबाईंच्या आवाजात घराघरांत पोचलेली चाल. ती श्रीनिवास खळ्यांनी बांधली. कुठे थांबायचं, ‘कर कटावरी’ला सूर कुठे ठेवायचा, हा एका माणसाने बसून केलेला विचार आहे. खळे 2011 साली गेले. आपल्या कायद्यात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे ही चाल 2071 संपेपर्यंत मोकळी होत नाही. त्या चालीवर ‘शब्द: संत तुकाराम, संगीत: पारंपरिक’ असं लिहिणं ही उसनवारी नाही. एका माणसाचं नाव खोडून त्या जागी परंपरेचं नाव घालणं आहे. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’चंही तेच. शब्द नामदेवांचे, गायलं भीमसेनांनी, आणि चाल राम फाटकांची. हे तिसरं नाव गाणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. ते सांगता येत नाही म्हणून चाल पारंपरिक होत नाही.

म्हणून प्रश्न दोन वेगवेगळे विचारायचे: शब्द कुणाचे, आणि चाल कुणाची? एकाचं उत्तर ‘संतांचं’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप येत नाही. शंका असेल तर शब्द काढून नुसतं ‘ला ला ला’ गुणगुणून बघा. तेवढ्यावरून लोकांना विशिष्ट गायक, विशिष्ट रेकॉर्ड आठवत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा एक संगीतकार उभा असतो. त्याला शोधा. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव छापलेलं असतं, गुप्तहेर लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण आम्ही अरेंजमेंट पूर्ण बदललीय.’ बदलली असेल. बास घातला, मध्ये चार ओळींचं रॅप घातलं, शेवटी ढोल आणला. चाल तीच राहिली. उलट, जितकं बदलाल तितकी परवानगीची गरज वाढते. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर कव्हरसाठी जी सोय आहे ती मूळ गाणं येऊन पाच वर्षं झाल्यावर, आगाऊ रॉयल्टी भरून आणि रचनेत फेरफार न करता गाण्यासाठी आहे. फ्यूजन म्हणजे फेरफारच.

‘आम्ही फक्त पाच-सात सेकंद घेतले’ हे दुसरं आवडतं वाक्य. असा सेकंदांचा नियम कुठेही नाही. 2008 साली संगीतकार राम संपत यांनी मोबाइलच्या जाहिरातीसाठी केलेली एक छोटीशी धून ‘क्रेझी 4’ या हिंदी सिनेमाच्या गाण्यात उचलली म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि प्रकरण 2 कोटी रुपयांवर मिटलं. जाहिरातीची धून असून असून किती मोठी असणार!

आता आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच उदाहरण, कारण इथे आपण सर्वांत निष्काळजी आहोत. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, 2004 साली नाशिकातच वारले. त्यांची गाणी खेडोपाडी इतकी मुरली आहेत की नव्या पोरांना ती लोकगीतं वाटतात. एका कार्यक्रमात निवेदकाने त्यांचं गाणं ‘आपल्या मातीतलं पारंपरिक गीत’ म्हणून सांगितलं आणि पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. लोकांनी गायलं म्हणून लोकगीत होतं, पण लिहिणारा पुसला जात नाही. या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. आणि हक्काचं सोडा, नाव घ्यायला काय पैसे पडतात?

याउलट भीमगीतांत सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायची जुनी रीत आहे, तिला मी चोरी म्हणणार नाही. तिथे मूळ गाणं लपवायचं नसतंच. ऐकणाऱ्याने ते ओळखावं आणि त्या ओळखीच्या चालीवर नवे शब्द पाठ व्हावेत, हाच हेतू. संगीत नाटकांनी तर उसनवारीची वहीच ठेवली होती. जुन्या नाटकाचं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं: ‘चाल:’ आणि पुढे ज्या गाण्यावरून घेतली त्याचे शब्द. कानडी पद असो, लावणी असो, ठुमरी असो. ‘मानापमान’ 1911 चं, गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीचा ढंग मराठी रंगभूमीवर आणला तो उघड उघड, आणि तरी त्या चाली टेंब्यांच्याच झाल्या. मला फ्यूजन आवडतं ते असं.

राहता राहिलं ते ‘मूळ हक्क मूळ मालकाकडे, आमचा कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ हे वाक्य. व्हिडिओखाली ते चिकटवलं की आपण सुटलो असं लोकांना खरंच वाटतं. नाव देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाव दिलं नाही तर तुम्ही अप्रामाणिक, परवानगी घेतली नाही तर तुम्ही कायद्याच्या कचाट्यात, आणि एक केल्याने दुसरं माफ होत नाही. ते वाक्य लिहिण्यात जाणारा वेळ कंपनीला किंवा वारसांना एक मेल करण्यात घालवा. नाही म्हणाले, तर त्र्यंबकच्या दिंडीतली चाल आहेच, तिला कुणाला विचारावं लागत नाही.