सिंधू संस्कृती व वैदिक संस्कृती : परस्परसंबंधाचा वाद

भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात इ. स. पू. सुमारे २६०० ते १९०० या काळात भरभराटीस आलेली सिंधू अथवा हडप्पा ही नागरी संस्कृती आणि ऋग्वेदादी ग्रंथांतून दिसणारी वैदिक संस्कृती यांच्या नात्याविषयीचा, गेली सुमारे शंभर वर्षे चालू असलेला विद्वानांमधील वाद. सिंधू नगरांतील लोक वैदिक भाषा बोलत होते काय, की ती भाषा बोलणारे लोक नगरे ओस पडू लागल्यानंतर बाहेरून आले, आणि आले असल्यास दोन्ही समाजांत कोणती देवाणघेवाण झाली, हे त्यातील मुख्य प्रश्न होत. भाषा, भौतिक अवशेष आणि वंशवारसा या मुळात वेगळ्या बाबी आहेत. मात्र एकीचा पुरावा दुसरीचा निवाडा म्हणून पुढे केला गेल्याने या वादात बराच गोंधळ माजला आहे.

दयाराम सहानी यांनी १९२१ मध्ये हडप्पा येथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ मध्ये मोहेंजोदडो येथे उत्खनन केले व जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये हा शोध जगापुढे मांडला. मार्शल यांच्या मते ही संस्कृती वेदपूर्व आणि वैदिक संस्कृतीहून भिन्न होती. ऋग्वेदातील पुरंदर म्हणजे पुरे फोडणाऱ्या इंद्राचा संबंध या नगरांशी जोडण्याची कल्पना रमाप्रसाद चंद यांनी १९२६ मध्येच सुचवली होती. हडप्पा येथील १९४६ च्या उत्खननात तटबंदी उघडी पडल्यावर मॉर्टिमर व्हीलर यांनी ती कल्पना उचलून धरली आणि मोहेंजोदडोत अस्ताव्यस्त पडलेले सांगाडे आर्यांनी केलेल्या कत्तलीचे मानले. पुढे जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की, हे सांगाडे एकाच वेळचे नाहीत. केनेथ केनेडी यांनी केलेल्या हाडांच्या तपासणीतही सामूहिक कत्तलीची खूण मिळाली नाही. पावसाचे घटते प्रमाण, नद्यांचे बदललेले प्रवाह आणि दूरच्या व्यापाराची पीछेहाट यांना आज नगरांच्या ऱ्हासात अधिक महत्त्व दिले जाते. आक्रमणाची कल्पना अशा रीतीने मागे पडली. परंतु लोकांचे हळूहळू झालेले स्थलांतर हा निराळा प्रश्न असून तो तिच्याबरोबर निकालात निघाला असे मानणे चुकीचे आहे.

स्थलांतराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा भाषेचा आहे. ऋग्वेदाची भाषा इराणी अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेला अतिशय जवळची आहे. आजच्या सिरियाच्या परिसरातील मितानी राज्याच्या इ. स. पू. चौदाव्या शतकातील तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवतांची नावे येतात. यांवरून बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ऋग्वेदाचा काळ इ. स. पू. सुमारे १५०० ते १००० असा, म्हणजे नगरांच्या ऱ्हासानंतरचा, धरतात. ऋग्वेदात विटांचा आणि मुद्रांचा उल्लेख नाही, ही गोष्टही लक्षणीय आहे.

घोडा आणि आरे असलेल्या चाकांचा रथ यांवरून झालेली चर्चा या वादात सर्वांत तपशीलवार आहे. ऋग्वेद अश्वांनी भरलेला आहे, तर सिंधू मुद्रांवर बैल, हत्ती, गेंडा, वाघ असूनही घोडा नाही. गुजरातमधील सुरकोटडा येथील हाडे खऱ्या घोड्याची असल्याचे सांदोर बोकोनी यांनी सांगितले. रिचर्ड मेडो व अजिता पटेल यांना ते पटले नाही. इंद्राच्या वृत्रवधाच्या सूक्तात (१.३२) चाकाची धाव आऱ्यांना वेढते अशी उपमा येते. उलट महाराष्ट्रात प्रवरेकाठी दायमाबाद (जि. अहिल्यानगर) येथे १९७४ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध कांस्यरथाची चाके भरीव आहेत, त्याला दोन बैल जुंपलेले असून मागे सारथी उभा आहे. काही अभ्यासक हा रथ उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे नगरांच्या ऱ्हासानंतरच्या काळातील, मानतात. उत्तर प्रदेशातील सिनौली येथे २०१८ मध्ये मिळालेल्या वाहनांची चाकेही भरीव आहेत आणि ती घोड्यांची की बैलांची, यावर मतभेद आहेत. ब्रजबासी लाल यांनी मात्र मातीच्या खेळण्यांतील चाकांवर रंगवलेल्या रेषा म्हणजे आरेच होत, असे प्रतिपादन केले.

लाल, शिकारीपुरा रंगनाथ राव प्रभृतींनी दोन्ही संस्कृती एकच मानल्या. राजस्थानातील कालीबंगा येथील, वैदिक यज्ञाशी जोडली गेलेली अग्निकुंडे आणि सरस्वती नदी हे त्यांचे प्रमुख आधार होत. ऋग्वेदातील ‘गिरिभ्य आ समुद्रात्’ वाहणारी सरस्वती म्हणजे आजची घग्गर-हाकरा, असे समीकरण पुष्कळांना मान्य आहे. मात्र ही नदी बारमाही केव्हापर्यंत होती याविषयी २०१२, २०१७ आणि २०१९ मधील भूशास्त्रीय संशोधनांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

या वादाला महाराष्ट्रात सामाजिक धारही आली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त आर्य हे बाहेरून आलेले जेते असल्याचे मांडून ब्राह्मणी वर्चस्वाची मीमांसा केली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये आर्य आक्रमणाचा सिद्धांतच अमान्य केला. जातिव्यवस्थेशी लढणाऱ्या या दोघांची भूमिका या मुद्द्यावर परस्परविरुद्ध असावी, याकडे प्रचारकांनी सहसा लक्ष दिलेले नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी येथे मिळालेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात मध्य आशियाई स्टेप म्हणजे गवताळ प्रदेशातील वंशांश आढळला नाही. शिंदे यांनी यातून आर्य बाहेरून आले नसल्याचा अर्थ काढला. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या व्यापक अभ्यासानुसार तो वंशांश इ. स. पू. २००० ते १५०० या काळात उपखंडात आला. सिंधू काळातील स्त्रीमध्ये तो नसणे या दुसऱ्या निष्कर्षाशीही सुसंगत आहे.

सिंधू लिपी अद्याप वाचली गेलेली नाही. इरावतम् महादेवन व आस्को पार्पोला यांनी तिच्यात द्राविडी भाषा पाहिली, राव यांनी वैदिकाशी जवळीक असलेली भाषा, तर २००४ मध्ये स्टीव्ह फार्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भाषेची लिपीच नसल्याचे म्हटले. लेख अत्यंत त्रोटक, सरासरी पाचेक चिन्हांचे असल्याने द्विभाषी लेखाची गरज तीव्रतेने भासते. असा लेख मेसोपोटेमियात (आजच्या इराकच्या परिसरात) मिळण्याची आशा बाळगण्यास आधार आहे : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका अक्कडकालीन, म्हणजे मेसोपोटेमियातील अक्कड साम्राज्याच्या काळातील, मुद्रेवर शू-इलिशू नावाच्या माणसाचा उल्लेख ‘मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी’ असा आहे आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू प्रदेश, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.