मोझार्टने मोजूनमापून केलेल्या चुका

१४ जून १७८७ रोजी व्हिएन्नातला संगीतकार मोझार्टने आपल्या रचनांच्या वहीत एका गमतीची नोंद केली: ‘आइन मुझिकालिशर श्पास’, म्हणजे सांगीतिक गंमत. वाद्यं सहा: दोन हॉर्न (पितळी फुंकवाद्यं), दोन व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं), बास (सर्वांत खालच्या सुराचं तंतुवाद्य). वडील लिओपोल्ड २८ मे रोजीच वारले होते, म्हणून या रचनेत बापावरचा राग शोधणारे पुष्कळ. पण संगीत-अभ्यासक अ‍ॅलन टायसन यांनी हस्तलिखिताचा कागद तपासला, तर काही भाग १७८५चा निघाला. तो राग तिथेच निवला.

मुद्दाम चुकायची चाल जुनीच. साल्झबर्गचा संगीतकार बीबर याने १६७३च्या ‘बटालिया’ या रचनेत शिपायांची निरनिराळी गाणी, निरनिराळ्या पट्ट्यांत, एकदमच वाजवायला लावली, वर ‘इथे सगळंच विसंवादी आहे’ असा शेराही मारला. नाहीतर कुणीतरी ते दुरुस्त केलं असतं! संगीतकार हायडनच्या ६०व्या सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनेत (१७७४), शेवटचा भाग सुरू होतो न होतो तोच व्हायोलिनवाले थांबून तार लावायला बसतात. त्यासाठी खालची ‘जी’ तार आधीच ‘एफ’वर उतरवून ठेवावी लागते. त्याचा विसर पडला की विनोद संपला.

मोझार्टचं लक्ष्य मात्र मुख्यतः कच्चा रचनाकार. त्याने जागोजागी समांतर पंचम पेरलेत. आपल्या कानाला सा-प गोडच; पण सा-पच्या पाठोपाठ रे-ध आलं, की दोन स्वतंत्र आवाज एकमेकांना चिकटून चालतात, आणि व्हिएन्नात तो शिकाऊपणा समजला जाई. तिसऱ्या भागात व्हायोलिनची एकट्याची तान वर चढता चढता सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध अशी पूर्ण स्वरांच्या उड्या मारत भरकटते. मिन्युएटमधले, म्हणजे नाचाच्या चालीवरच्या भागातले, हॉर्नचे बेसूर स्वर तर ‘डोल्चे’, म्हणजे गोडव्याने, वाजवायचे आहेत. इथे वादकाने तोंड वेडंवाकडं केलं की मजा गेली. चूक रचनाकाराची, वादकाची नव्हे.

शेवटच्या सुरांत हॉर्न ‘एफ’मध्ये, पहिलं व्हायोलिन ‘जी’, दुसरं ‘ए’, व्हायोला ‘ई फ्लॅट’, बास ‘बी फ्लॅट’मध्ये: पाच तानपुरे पाच पट्ट्यांत. प्रत्येकाने आपला सूर चोख लावला तरच त्या पाच पट्ट्या वेगळ्या ऐकू येतात. एरवी तो नुसता गोंगाट.