पेक्टिन-परिवर्तन

पेक्टिन-परिवर्तन : वनस्पतींच्या पेशीभित्तीतील पेक्टिनात (जेली घट्ट करणाऱ्या, लांब साखळ्यांच्या पदार्थात) एंझाइमे, अम्ल, अल्कली वा उष्णता यांमुळे होणारे रासायनिक बदल. त्यांपैकी मिथिल गट (कार्बन व हायड्रोजन यांचा छोटा अणुसमूह) निघून जाणे (विमिथिलीकरण) सर्वांत महत्त्वाचे.

पेक्टिन-संशोधनाची सुरुवात सामान्यतः फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकॉनो यांच्या १८२५ मधील कार्यापासून मानतात. त्याआधी, १७९० च्या सुमारास, फ्रेंच रसायनज्ञ ल्वी निकोला व्होक्लँ यांनी चिंचेतील जेलीसारख्या द्रव्याची नोंद केली होती. ते पेक्टिनच असावे, हे मत ग्राह्य वाटते. चिंचेच्या गरात पेक्टिन असतेच. चिंचोक्यातील जेलीकारक पदार्थालाही जुन्या लेखनात पेक्टिन म्हटलेले आढळते; तो मात्र झायलोग्लुकॅन (वेगळ्या शर्करांची साखळी) असून त्यात पेक्टिनाचा मुख्य घटक असलेले गॅलॅक्ट्युरॉनिक अम्ल नसते. ही गल्लत अजूनही अधूनमधून दिसते.

पेक्टिनाचा मोठा भाग गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाच्या साखळ्यांचा असतो. पेशीतील गॉल्जी पिंडात तयार होताना त्यांवर भरपूर मिथिल गट असतात. पेशीभित्तीत पेक्टिन मिथिल एस्टरेज (पीएमई) हे एंझाइम ते काढते व मिथेनॉल मुक्त होते. किती गट निघाले यापेक्षा ते कुठून निघाले, हे अधिक निर्णायक. वनस्पतींचे पीएमई बहुधा ओळीने गट काढत जाते. अशा सलग मोकळ्या पट्ट्या कॅल्शियमाने एकमेकींना बांधल्या जातात व जेल घट्ट होते. अल्कलीने गट विखुरलेले निघतात. म्हणून एस्टरीकरणाचे प्रमाण (मिथिल गट जोडलेल्या घटकांचा वाटा) तेच असूनही दोन पेक्टिने कॅल्शियमाशी वेगळी वागतात. या बंधाची १९७३ मधील ‘अंड्यांच्या खोक्या’ची प्रतिकृती (साखळ्यांमधील खळग्यांत कॅल्शियम अंड्यांसारखे बसते ही कल्पना) मुळात समुद्रशैवालातील अल्जिनेटाच्या अभ्यासातून आली. पेक्टिनात साखळ्या किंचित सरकून जुळतात, हे नंतरचे मत अधिक पटणारे आहे.

विमिथिलीकरणाने भित्ती कडकच होते असे नाही. परागनलिकेच्या (परागकणातून वाढणाऱ्या नळीच्या) टोकाशी मिथिलयुक्त, तर मागील बाजूस मिथिलविरहित पेक्टिन असते व तो भाग ताठ राहतो. याउलट ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या प्ररोहाग्रात (खोडाच्या वाढत्या टोकात) अवयव फुटण्यापूर्वी विमिथिलीकरणाबरोबर ऊती मऊ होते, असे २०११ मध्ये दिसून आले. मोकळ्या साखळ्या पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज या एंझाइमाला तोडता येतात, हे त्याचे एक संभाव्य कारण. फळ पिकतानाही हे एंझाइम काम करते. पण १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘फ्लेव्हर सेव्हर’ टोमॅटोत ते दाबूनही फळ मऊ पडणे फारसे थांबले नाही. केवळ या एका एंझाइमावर मऊपणाचा भार टाकणे म्हणूनच योग्य नाही.

खाद्योद्योगात ५० टक्क्यांहून अधिक एस्टरीकरणाचे पेक्टिन भरपूर साखर व अम्ल असताना गोठते, कमी एस्टरीकरणाचे कॅल्शियमाने. पेरूच्या जेलीला पिकत आलेले पण घट्ट पेरू घेतात. फार पिकलेल्यांत साखळ्या तुटलेल्या असतात. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात : अल्कलीने गट सुटतात, कॅल्शियम तिथे बसते आणि पाकात उकळूनही फोड अखंड राहते. भाज्या ६० अंश से.च्या आसपास काही काळ ठेवल्यास त्यांचेच पीएमई काम करते व पुढे शिजताना त्या कमी विरघळतात. संत्र्याच्या रसात हेच एंझाइम नको असते. त्याने रसातील गढूळपणा तळाशी बसतो, म्हणून रस तापवून ते निष्क्रिय करतात.