साइटसाठी फोटो पाठवताय? मग आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. वेबसाइटचं काम आम्हाला दिलंत, आता पुढचं थोडं काम तुमच्याकडे आहे, म्हणजे फोटो आणि मजकूर. लहान धंद्याची साइट, होमस्टे असो, खानावळ असो की आंबा-काजूचं दुकान, सगळं सामान हातात असेल तर आम्ही दहा-बारा दिवसांत उभी करतो. मग दोन-दोन महिने का लागतात असं सगळेच विचारतात, एकाने तर जत्रेत चारचौघांसमोर विचारलं. त्याला तिथे काही बोललो नाही, इथे सांगतो. निम्मा वेळ फोटोंच्या मागे जातो. फोटो नसतात असं नाही, ढिगाने असतात, पण व्हॉट्सॲपवरून रोजच्यासारखे सरळ पाठवलेले असतात.

"फोटो धाडलंय मां, गावले नाय?" गावले हो, पण वापरता येत नाहीत.

होतं काय, तुमच्या फोनने काढलेला फोटो साधारण चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा असतो, तीन-चार एमबीचा. तो तुम्ही गॅलरीतून उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की ते ॲप नेट वाचवायला त्याला आधी दाबून लहान करतं, लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणतं आणि वजन दोन-तीनशे केबीवर येतं. मोबाइलच्या स्क्रीनवर तुम्हाला त्यात काही फरक कळत नाही, म्हणून "अरे चांगला तर दिसतोय" असं तुम्ही म्हणता आणि तुमच्या जागी तुमचं बरोबरच असतं. पण साइटच्या वर जो मोठा आडवा फोटो लागतो तो लॅपटॉपवर साधारण १९२० पिक्सेल रुंद हवा. आता हिशेब करा, तुम्ही फोन उभा धरून फोटो काढलात, व्हॉट्सॲपमधून तो १२०० रुंद आणि १६०० उंच होऊन आला, त्यातली आडवी पट्टी कापून आम्ही १९२० पर्यंत ताणली की माडांच्या झावळ्या भिजलेल्या कापसासारख्या दिसतात. त्यावर पुन्हा तुमचाच फोन, की "फोटो ब्लर का केलात?"

एकदा दाबलेल्या फोटोतून गेलेला तपशील परत आणता येत नाही. सोलकढीचं खोबरं दोनदा पिळून झाल्यावर चोथ्यातून तिसऱ्यांदा काय निघणार, तसंच आहे. ॲप वापरून शार्प करता येतं म्हणतात, करून बघितलंय, माणसांचे चेहरे मेणाचे होतात आणि पापलेट प्लास्टिकचं.

देवबागच्या एका काकूंचं उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. होमस्टे एकदम झकास, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. काकूंनी दोन दिवसांत त्रेसष्ट फोटो पाठवले, त्यात अकरा गुड मॉर्निंगचे होते. सगळ्यांत सुंदर फोटो अंगणातल्या तुळशीचा, संध्याकाळचं ऊन आणि मागे होडी. तो फोटो म्हणजे भाच्याच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट निघाला, वर बॅटरी सतरा टक्के आणि खाली कोणाचातरी बदामाचा रिप्लाय. तीन आठवडे मेसेज चालू, मूळ फोटो पाठवा, मूळ पाठवा, आणि काकू तोच स्क्रीनशॉट परत परत पाठवतायत, कारण त्यांच्या दृष्टीने मूळ म्हणजे तोच. शेवटी स्कूटर काढली आणि गेलो. भाचा घरीच होता, त्याच्या फोनला केबल लावली, मूळ फोटो पावणेचार एमबीचा, होडीवरचा नंबरसुद्धा वाचता येत होता. पाच मिनिटांचं काम, तीन आठवडे गेले, तोवर दिवाळीची सुट्टी संपली.

तर करायचं काय? व्हॉट्सॲपच वापरा, आमची काही हरकत नाही, फक्त फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. चॅटमध्ये ती पिन असते ना, आयफोनवर अधिकचं चिन्ह असतं, ती दाबा, तिथे गॅलरीवर न जाता डॉक्युमेंटवर जा आणि फोटो तिथून निवडा. असा पाठवलेला फोटो जसाच्या तसा येतो. २०२२ पासून दोन जीबीपर्यंतची फाइल अशी जाते, तुमचा फोटो त्यापुढे काहीच नाही. नेट हळू असेल तर रात्री लावून झोपा. एचडी म्हणून जे बटण २०२३ मध्ये आलं त्याने थोडा फरक पडतो, पण तेही दाबूनच पाठवतं, त्यामुळे एचडी केलं म्हणजे झालं असं समजू नका.

आणि एक, दुसऱ्या कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तुम्ही डॉक्युमेंट करून आम्हाला पाठवलात तर उपयोग शून्य, तो आधीच दाबलेला आहे. ज्याच्या फोनने काढला त्याच्याच फोनमधून पाठवायचा. ओळखायची सोपी खूण सांगतो, अँड्रॉइडवर फाइलच्या नावात तारखेनंतर डब्ल्यूए आणि पुढे आकडे दिसले की समजायचं, हा व्हॉट्सॲपमधून फिरून आलाय. आम्ही फोटो उघडायच्याही आधी ते बघतो.

गूगल ड्राइव्हची लिंक पाठवणारे पण आहेत, उत्तम, फक्त लिंक पाठवताना ती 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडेल अशी करा. नाहीतर आम्ही परवानगी मागतो, ती मेलवर जाते, आणि तुम्ही मेल बघता गणपतीला एकदा आणि शिमग्याला एकदा.

आयफोनवाल्यांचे फोटो कधीकधी एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात, त्यांनी काळजी करू नये, ते आम्ही बदलून घेतो. मूळ फोटोमध्ये तो कुठे काढला त्या जागेची नोंदही असू शकते, साइटवर चढवताना ती आम्ही काढून टाकतो, घरात बायकामुलं असतात म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता हुशार गिऱ्हाईक विचारतं, की तुम्हीच तर म्हणता साइट हलकी पाहिजे, मग मोठे फोटो कशाला मागता? प्रश्न बरोबर आहे. मोठा फोटो आम्ही तसाच चढवत नाही. तीन-चार एमबीचे वीस फोटो एका पानावर टाकले तर साठ ते ऐंशी एमबी होतील, आणि तुमचं गिऱ्हाईक फोंडा घाट उतरताना एका काडीच्या रेंजमध्ये "तारकर्ली होमस्टे" शोधतंय, ते तेवढा वेळ थांबणार नाही, मागे जाऊन दुसऱ्याचं उघडणार. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी असं गूगलचंही म्हणणं आहे. म्हणून आम्ही मूळ फोटोवरून मोबाइलला वेगळा, लॅपटॉपला वेगळा असे आकार कापतो, वेबपी नावाच्या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलतो, प्रत्येक फोटो बघून किती दाबायचा ते ठरवतो. माशांच्या थाळीला कमी दाबायचा, निळ्या आभाळाला जास्त दाबला तरी चालतो. बारीक करायचं काम आमचं, ते व्हॉट्सॲपने आमच्या आधी करू नये एवढंच.

फोटो काढताना फोन आडवा धरा, निदान चार-पाच फोटो तरी. लेन्स पुसा, खाऱ्या हवेने तिच्यावर कायम एक थर असतो. खोलीचा फोटो सकाळी खिडक्या उघडून, ट्यूबलाइट बंद करून. संडास-बाथरूमचा फोटो लाजू नका, पाठवा, पुण्यामुंबईची फॅमिली आधी तेच बघते. बाहेरचे फोटो पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये काढलेले सगळ्यांत छान येतात, आभाळ धुतलेलं असतं आणि झाडं अजून हिरवी असतात.

आंबेवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तुमचा फोन फेब्रुवारीत येतो, पाडव्याला साइट चालू पाहिजे म्हणून. साइट होईल, पण झाडावर त्या वेळी मोहोर आणि कैऱ्या, पिकलेल्या फळाचा फोटो आणायचा कुठून? मग गूगलवरून उचललेला फोटो येतो. एकदा आलेला फोटो तर सरळ सरळ तोतापुरीचा होता, खाली लिहिलेलं अस्सल देवगड हापूस. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचाच माल अशी सरकारी ओळख, मिळालाय, लोक हल्ली बारकाईने बघून घेतात, आणि दादर-पार्ल्याच्या गिऱ्हाइकाला हापूस ओळखता येत नाही असं समजू नका. शिवाय दुसऱ्याचा फोटो म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो पण येतो, नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते. असे फोटो आम्ही चढवत नाही, कितीही आग्रह केलात तरी. त्यापेक्षा यंदाच्या एप्रिल-मेमध्ये आढीतला, पेटीतला, कापलेल्या फोडीचा असे पंचवीस-तीस फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षीची साइट तिथेच अर्धी झाली.

मजकुराचं थोडक्यात. मेनूकार्डाचा फोटो पाठवून "हाच लावा" म्हणू नका. फोटोतला मजकूर मोबाइलवर वाचायला बोटांनी ओढाताण करावी लागते, शोधणाऱ्याला तो नीट सापडत नाही, आणि सुरमईचा दर बदलला की अख्खा फोटो नवा. दर आम्ही टाइप करून टाकतो, मग बदल दोन मिनिटांत होतो. डीटीपीवाल्याकडची फाइल असेल तर तो मजकूर बहुतेक वेळा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, साइटवर टाकला की "स्वागत"च्या जागी भलतीच अक्षरं येतात. त्याच्याकडून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, मागून घ्या, नाहीतर सरळ व्हॉट्सॲपवर मराठीत टाइप करून पाठवा, तो मजकूर आम्हाला चालतो. व्हॉइस नोट मात्र नको, मागे कोंबडा ओरडत असतो आणि साडेचारशे की साडेतीनशे ते कळत नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा नेटवरचा पत्ता, आम्ही तुमच्याच नावावर आणि तुमच्याच मेलवर घेतो, उद्या आमच्याशी पटलं नाही तरी नाव तुमचं राहतं. सगळीकडे असं होत नाही, त्यामुळे आधीची साइट असेल तर डोमेन कोणाच्या नावावर आहे ते एकदा विचारून घ्या.

आता पैशांचं, कारण यावरून कुरबूर होते. दोन वेळा दुरुस्त्या आम्ही मोफत करतो, तिसऱ्यापासून पैसे घेतो, आणि फोटो तुकड्यातुकड्याने आले तर प्रत्येक तुकडा ही एक दुरुस्ती धरतो. काहींना हे कडक वाटतं. पण आज तीन फोटो, परवा दोन, त्यातले तीन काढा आणि आधीचा लावा, असं चाललं की दर वेळी ते पान पुन्हा मांडावं लागतं, आणि तेवढ्यात लाईट गेली तर तो दिवस गेलाच. सगळं एकदम दिलंत तर तिसरी दुरुस्ती सहसा लागतच नाही.

ज्यांना हे सगळं झेपत नाही, त्यांच्याकडे आम्ही स्वतः येऊन अर्ध्या दिवसात फोटो काढून देतो, मालवण, वेंगुर्ला, देवगड तिन्ही तालुक्यांत. त्याचे पैसे वेगळे, आधी सांगून, आणि फोटो पूर्ण आकारात तुमच्याकडेच राहतात, छापायला, बोर्डाला, कुठेही वापरा. जून-जुलैमध्ये होड्या किनाऱ्यावर असतात आणि आम्हालाही वेळ असतो, त्या महिन्यांत घरातल्या आणि जेवणाच्या फोटोंसाठी बोलावलंत तर दर कमी लावतो.

ऑफिसात येऊन फोटो देणार असाल तर दुपारी एक ते चार सोडून या, आणि आपल्या फोनची केबल घेऊन या. आमच्याकडे एकच आहे, ती पण नीट धरली तरच चालते.