पहिली शॉटगन: फोर-टेन की वीस बोअर?

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत मूल दहा-बारा वर्षांचं झालं की शिकारीची आवड असलेल्या घरात एक प्रश्न निघतोच: याला पहिली बंदूक कोणती द्यायची? ससा, खार, होला, फेजंट अशा छोट्या शिकारीला लागते ती छर्‍यांची बंदूक, म्हणजे शॉटगन. जुनी पिढी म्हणते फोर-टेन द्या, नवी म्हणते वीस बोअरची द्या. ही दोन उत्तरं कुठून आली ते शोधत गेलं की एक गोष्ट ठळक दिसते. कितीतरी पिढ्या मुलाची बंदूक त्याच्या अंगाकडे बघून ठरलीच नाही, ती बापाच्या खिशाकडे बघून ठरली.

आधी बोअरचं गणित. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद होते: बारा बोअर सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअर सुमारे १५.६. ब्रिटनमध्ये १८६८च्या कायद्याने ही मापं तक्त्यात बसवली. आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणतात तेही याच हिशेबाने. फोर-टेन मात्र या हिशेबात येत नाही. तिचं नाव थेट नळीच्या व्यासावरून पडलं, ०.४१० इंच, म्हणजे साधारण १०.४ मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बागेतले उंदीर-पाखरं मारायला ही चिमुकली बंदूक वापरात आली. मुलाला शिकवण्यासाठी ती कुणी घडवली नव्हती.

अमेरिकेत मुलांच्या हाती बंदूक आली ती स्वस्त मालाच्या लाटेवर. मॅसॅच्युसेट्समध्ये हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, आयव्हर जॉन्सन, स्टीव्हन्स या कारखान्यांनी मधोमध मोडून उघडणाऱ्या एकनळी बंदुका मोठ्या संख्येने काढल्या. एक नळी, एक काडतूस, बाहेर दिसणारा घोडा, म्हणजे चाप दाबला की काडतूस उडवायला पुढे आपटणारा हातोडा. सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून त्या टपालाने घरपोच येत. त्याच्या आधीची पायरी म्हणजे छर्‍याची एअरगन. मिशिगनमधल्या प्लिमथची एक पवनचक्की कंपनी १८८०च्या दशकात पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला एअरगन भेट द्यायची. पुढे पवनचक्क्या मागे पडल्या, भेटीच्या बंदुकीलाच मागणी आली आणि १८९५मध्ये कंपनीने आपलं नावच डेझी करून टाकलं. आधी डेझी, मग पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची छोट्या गोळीची रायफल, मग एकनळी फोर-टेन, अशी चढण अनेक घरांत रूढ झाली. फोर-टेनचं तीन इंची काडतूस १९३३मध्ये विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल ४२ या बंदुकीबरोबर आलं आणि तिची पत आणखी वाढली.

या एकनळीची बाजू मांडणारे म्हणतात, एकच काडतूस असल्यामुळे मूल विचार करून नेम धरतं, आणि बंदूक उघडून हातावर टाकली की ती उडणार नाही हे लांबूनही दिसतं. दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि ते मला आजही मोलाचे वाटतात. पण घोड्याकडे जरा जवळून बघा. तो अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि स्प्रिंग कडक असते. ससा समोरून निघून गेला की मागे ओढलेला घोडा पुन्हा सावकाश खाली आणायचा, तोही चाप दाबून धरत. नोव्हेंबरच्या थंडीत बधिरलेल्या दहा वर्षांच्या अंगठ्यावरून तो निसटला की गोळी सुटते. शिवाय कित्येक जुन्या नमुन्यांत खाली बसलेल्या घोड्यावर दणका बसला तरी काडतूस उडू शकत असे. हा धोका रोखणारी रचना नंतरच्या बंदुकांत आली, पण आजोबांच्या माळ्यावरची बंदूक बहुधा आधीची असते. तीच नातवाला द्यायची घरोघर हौस असते, म्हणून हे सांगणं भाग आहे.

दुसरी अडचण वजनाची. मुलाला पेलावी म्हणून बंदूक हलकी हवी, असं वाटणं साहजिक आहे. पण छर्रे पुढे जातात तेव्हा बंदूक मागे येते, आणि जितकी हलकी तितकी जोरात येते. तेच काडतूस ३.४ किलोच्या बंदुकीऐवजी २.५ किलोच्या बंदुकीतून उडवलं तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ३६ टक्के वाढते. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग. मोठ्यांच्या मापाचा, साधारण १४ इंची दस्ता मुलाच्या खांद्यात बसत नाही. तो दंडावर टेकतो आणि धक्का तिथे लागतो. मग मूल डोळे मिटून चाप ओढायला लागतं. ही खोड एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो. फोर-टेनचा धक्का कमी असतो हे कबूल, पण त्यामागचं कारण तिच्यात छर्रेच थोडे. अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम. वीस बोअरमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास. छर्‍यांचा फुलोरा विरळ पडतो, पाखरू जखमी होऊन झुडपात जातं आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणूनच फोर-टेन ही खरं तर मुरलेल्या नेमबाजाची बंदूक, असं जाणते शिकारी सांगतात. मला ते पटतं.

विचार बदलला तो आधी शिक्षणातून. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३७मध्ये सही केलेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यात १९४९मध्ये शिकारी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि १९७०च्या दुरुस्तीनंतर त्या करातला काही पैसा अशा वर्गांना मिळू लागला. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीसाठी सहसा हे प्रशिक्षण लागतं. दरम्यान १९६८च्या केंद्रीय कायद्याने घरपोच टपालविक्री बंद केली. दुकानातून अशी बंदूक घ्यायची तर घेणारा किमान अठरा वर्षांचा हवा, म्हणजे व्यवहार आई-बापाच्या नावावर आला.

पिवळ्या काडतुसाची गोष्ट इथेच सांगतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तर ते घसरून नळीत पुढे अडकतं. मागची जागा रिकामी दिसते, माणूस बारा बोअरचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. त्यामुळे साधारण १९६०पासून अमेरिकेत वीस बोअरचं काडतूस पिवळं करण्याची रीत पडली. बापाची बारा बोअर आणि मुलाची वीस बोअर एकाच घरात असली की जॅकेटचे खिसे दर वेळी तपासून रिकामे करायलाच हवेत.

बंदुकाही बदलल्या. रेमिंग्टन ८७० ही पंप-अ‍ॅक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून पुढचं काडतूस भरायची) बंदूक १९५०मध्ये आली, मॉसबर्ग ५०० साधारण दशकभराने. मॉसबर्गचं सेफ्टीचं बटण वरच्या अंगाला, डावखुऱ्या मुलीलाही अंगठ्याने सहज सापडणारं. रेमिंग्टन ११०० (१९६३) काडतुसाच्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, त्यामुळे धक्का पसरून जाणवतो. पुढे कंपन्यांनी वीस बोअरमध्ये १२-१३ इंची दस्त्याचे, आखूड नळीचे खास नमुने काढले. काहींच्या दस्त्यात चकत्या घालून तो मुलाबरोबर वाढवता येतो. १९९१पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. पोलादाचे छर्रे हलके, म्हणून आकाराने मोठे लागतात आणि फोर-टेनमध्ये ते मोजकेच मावतात. बदकांपुरता वाद तिथेच मिटला.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. कोकणात ठासणीची बंदूक दिसते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, आणि तीही मोठ्या माणसाच्या नावाने. पण पेनसिल्व्हेनियात वा टेक्ससमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाला वर्गमित्र शिकारीला बोलावू शकतो, तेव्हा आई-बाबांना यातलं काही ठाऊक असलेलं बरं.

अलीकडे टंगस्टनच्या जड छर्‍यांनी फोर-टेन पुन्हा पुढे आणली आहे. टर्की हा मोठा पक्षी मारायला लोक ती मुलांच्या हाती देतात. त्या एका गोळीपुरतं ते चालतं. पण टंगस्टन फार महाग, आणि साधं फोर-टेन काडतूसही बहुधा वीस बोअरपेक्षा महागच पडतं. नवशिक्याला तर शिकारीआधी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर भरपूर सराव हवा, कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा लावून. तो परवडतो वीस बोअरच्या हलक्या काडतुसांत.