एकच तळं, दोन मालक: स्टेट पार्क की आर्मी कोअरचं कॅम्पग्राउंड?

जॉर्जियातल्या अटलांटाहून आय-७५ हायवेने उत्तरेला निघालं की अ‍ॅलाटूना तळं लागतं. इथे रेड टॉप माउंटन स्टेट पार्कची पाटी आहे. मॅकिनी, व्हिक्टोरिया अशा दुसऱ्या कॅम्पग्राउंडांच्याही पाट्या आहेत, त्यांच्यावर लाल बुरुजांच्या किल्ल्याचं चिन्ह. पाणी तेच, पाइनची झाडं तीच, लाल मातीही तीच. त्यामुळे पहिल्यांदा टेंट घेऊन निघालेलं कुटुंब या सगळ्यांना सर्रास ‘स्टेट पार्क’च म्हणतं, आणि मग चुकीच्या वेबसाइटवर जागा शोधत बसतं किंवा गेटवर चालणार नाही तो पास पुढे करतं.

किल्ल्याचं चिन्ह आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचं. एटोवा नदीवरचं अ‍ॅलाटूना धरण याच दलाने बांधलं, १९५० मध्ये ते वापरात आलं. धरणाचं पाणी आणि काठाची बरीचशी जमीन त्यामुळे केंद्र सरकारची. देशभर कोअरची अशी चारशेहून अधिक तळी आहेत आणि त्यातल्या पुष्कळांच्या काठी दल स्वतःच कॅम्पग्राउंड चालवतं. स्टेट पार्क मात्र राज्याचं, जॉर्जियात ते नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडे असतं. जॉर्जियातल्याच लेक लेनियर तळ्यावरही हीच गोष्ट: तळं कोअरचं, आणि उत्तर टोकाला २०१३ मध्ये सुरू झालेलं डॉन कार्टर स्टेट पार्क राज्याचं. शिवाय तिसरा एक प्रकार आहे, जो लेनियरजवळच्या कमिंग गावाकडच्या मराठी मंडळींना हमखास चकवतो. लेनियरवरचं शेडी ग्रोव्ह कॅम्पग्राउंड काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, चालवते. तिथे राज्याचा पासही चालत नाही आणि केंद्राचाही नाही.

म्हणून भाडं बघण्याआधी मालक बघायचा. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर होत असेल तर जागा केंद्राची, राज्याच्या पार्क-वेबसाइटवर होत असेल तर राज्याची.

पास कुठला, सवलत कोणाला

‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा वर्षाचा पास नॅशनल पार्कसाठी बऱ्याच घरांत असतो. स्टेट पार्कात त्याचा काडीचा उपयोग नाही. कोअरकडे तो दिवसभराच्या प्रवेशाला चालतो, पण त्याने टेंटच्या जागेचं भाडं कमी होत नाही. चौथीतल्या मुलांना मिळणाऱ्या मोफत पासचंही तसंच: प्रवेश फुकट, मुक्काम नाही.

भाडं कमी करणारा पास वेगळा. बासष्ट पूर्ण झालेल्यांचा सीनियर पास असेल तर कोअरच्या कॅम्पग्राउंडवर साइटचं, म्हणजे टेंटच्या जागेचं, भाडं निम्मं होतं. मात्र तो फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतो. सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांना वय सत्तर असलं तरी तो काढता येत नाही. त्यांचं ग्रीनकार्ड झालेलं असेल तर पास आधी काढावा, बुकिंग करताना त्याचा नंबर टाकावा आणि पासधारक स्वतः मुक्कामाला असावा. आजी घरी आणि पास गाडीत, हे गेटवर चालत नाही. कायमचं अपंगत्व असलेल्यांच्या अ‍ॅक्सेस पासलाही हीच निम्म्या भाड्याची सवलत आहे, नागरिकत्वाची अटही तीच. स्टेट पार्कात ज्येष्ठांना काही सवलत असेलच तर ती त्या राज्याची स्वतःची आणि बहुधा तिथल्या रहिवाशांपुरती.

भाड्याच्या आकड्यात काय धरलेलं नसतं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कोअरकडे साइटच्या भाड्यातच मुक्कामी लोकांचा प्रवेश येतो. स्टेट पार्कात भाडं वेगळं आणि प्रवेश वेगळा असू शकतो. तो प्रवेश कसा मोजतात, हे राज्यागणिक बदलतं.

जॉर्जियात पार्किंगचं शुल्क गाडीमागे आहे. दोन कुटुंबं मिळून गेलात आणि गाड्या दोन असल्या तर पार्किंगही दोन. एका सात-सीटरमध्ये मावत असाल तर तेवढे पैसे वाचले. नुसतं दिवसभर जाऊन यायचं असेल तर आधी सार्वजनिक वाचनालयात विचारा. जॉर्जियातली अनेक वाचनालयं पुस्तकासारखा पार्कपासही घरी देतात, आणि ही सोय फार कमी लोकांना ठाऊक असते.

टेक्ससमध्ये हिशोब माणशी चालतो. स्टेट पार्कात साइटच्या भाड्यावर तेरा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाचा रोजचा प्रवेश चढतो. बारा वर्षांपर्यंतची मुलं फुकट. समजा आई-बाबा, आलेले आजी-आजोबा, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा असे सहा जण निघाले आणि प्रवेश माणशी ५ डॉलर आहे. पाच जणांचे दोन दिवसांचे ५० डॉलर झाले, साइटचं भाडं वेगळं. म्हणजे यादीत स्वस्त दिसलेली जागा सहज महाग पडते. तिथे राज्याचा वर्षाचा पास काढला तर पासधारकासह त्याच गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश सुटतो, त्यामुळे मोठ्या कुटुंबाचे पैसे एक-दोन फेऱ्यांतच वसूल होऊ शकतात. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोकडच्यांनी रे रॉबर्ट्स लेक स्टेट पार्क आणि लेव्हिसव्हिल किंवा लॅव्हन तळ्यावरची कोअरची कॅम्पग्राउंडं यांची तुलना करताना ही बेरीज आधी करावी.

जागा कधी उघडते

जॉर्जियाची स्टेट पार्कं तेरा महिने आधी बुकिंग घेतात. कोअरच्या साइट साधारण सहा महिने आधी उघडतात, सकाळी दहाला, ईस्टर्न वेळेनुसार. मे अखेरचा मेमोरियल डे हवा असेल तर स्टेट पार्कसाठी आदल्या एप्रिलमध्येच हालचाल करावी लागते. कोअरसाठी ती वेळ नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास येते, जेव्हा घरात कोणाच्या डोक्यात उन्हाळा नसतो. उशिरा ठरवणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच कोअरकडे जागा मिळण्याची शक्यता थोडी जास्त.

दोन्हीकडे शनिवार-रविवारला बहुधा किमान दोन रात्रींची अट असते, सणाच्या आठवड्यात तीन. एका रात्रीसाठी जायचं असेल तर रविवार ते गुरुवारमधला वार बघा. भाडं नाही तरी कटकट कमी होते.

रद्द करण्याचे नियम आधी वाचून ठेवावेत, कारण मुलं आयत्या वेळी तापाने फणफणतात. रिक्रिएशन डॉट गव्हवर साइट रद्द केली की १० डॉलर कापतात. पोहोचण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी रद्द केली तर त्यावर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. काहीच न कळवता गेला नाहीत तर २० डॉलर आणि पहिली रात्र. म्हणजे निर्णय दोन दिवस आधी घ्यायचा. पावसाचा अंदाजही तेव्हाचाच बघायचा, निघायच्या सकाळचा नाही.

‘तळ्याकाठची साइट’ म्हणजे नक्की काय

पानशेत, पवना पावसाळ्यात भरतात आणि मेमध्ये तळ दिसतो, हे आपल्या डोळ्यांत बसलेलं चित्र. अ‍ॅलाटूनाचं बरोबर उलट आहे. उन्हाळ्यात तळं भरलेलं ठेवतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर. हिवाळ्या-वसंतातल्या पुराला जागा हवी म्हणून शरदात पाणी सोडत सोडत सोळा-सतरा फूट खाली नेतात. उभे सोळा फूट ऐकायला थोडे वाटतात. काठाचा उतार आठाला एक असला तर पाणी जवळजवळ १३० फूट मागे जातं, आणि मधल्या पट्ट्यात उरतो लाल चिखल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जादा पैसे मोजून ‘वॉटरफ्रंट’ साइट घेणं म्हणूनच वेडेपणा. मालक कोणीही असो, पाणी सगळ्यांचंच उतरतं.

लहान मुलं असतील तर उन्हाळ्यातही पाण्याला लागून असलेली साइट टाळावी. दुसऱ्या रांगेतली, स्वच्छतागृहापासून शंभरेक पावलांवरची जागा सगळ्यात सुखाची. अगदी शेजारची नको: रात्रभर दिवा आणि दाराची धडधड.

पोहण्याच्या किनाऱ्यांवर दोन्हीकडे लाइफगार्ड नसतात. कोअरच्या बऱ्याच किनाऱ्यांवर लाइफजॅकेट वापरून परत ठेवण्याचे स्टँड असतात, पण मुलाच्या मापाचं उरलेलं असेलच असं नाही, आपलं न्यावं. जॉर्जियात चालत्या बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलाने ते घालून ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

टेंट, वीज आणि कुकर

कोअरच्या साइटवर लाकडी ओंडक्यांनी आखलेला खडीचा चौथरा असतो, आणि टेंट त्याच्या आतच लावायचा असतो. हिरवळीवर सरकवलात तर फेरी मारणारा रेंजर येऊन काढायला लावतो. स्टेट पार्कातही असे चौथरे, म्हणजे पॅड, असतात, आकार साइटगणिक वेगळे. बुकिंगच्या पानावर पॅडची लांबी-रुंदी दिलेली असेल तर आपल्या टेंटचं माप त्याच्याशी ताडून बघा. आठ जणांचा टेंट बारा फुटांच्या पॅडवर बसत नाही, आणि हे कळतं ते अंधार पडायच्या वेळी.

टेंटबरोबर येणाऱ्या पातळ खुंट्या खडीत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून दहा इंची जाड लोखंडी खिळे आणि वॉशर घ्या, आठ-दहा पुरतात, शिवाय एक हातोडी. खाली अंथरायचं ताडपत्रीचं कापड टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच लहान दुमडा. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट झोपलेल्यांच्या खाली नेते.

विजेच्या खांबावर साधारण तीन प्रकारचे सॉकेट असतात: ५० अँपिअर, ३० अँपिअर आणि घरातल्यासारखं २०. टेंटवाल्यांच्या कामाचं शेवटचं. जुन्या खांबांवर ते कधी नसतं किंवा बिघडलेलं असतं. मग ३० चं १५ मध्ये बदलणारा आरव्हीचा, म्हणजे चाकांवरच्या घरासाठीचा, अ‍ॅडॉप्टर लागतो. दहा-पंधरा डॉलरची वस्तू, पण ती नसेल तर शुक्रवारची खिचडी राहिली.

२० अँपिअरच्या सॉकेटवर बराच वेळ १९०० वॉटच्या आत राहावं. इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) सुमारे १०००, छोटा पंखा ५०, फोन नगण्य: चालतं. इन्स्टंट पॉट आणि १८०० वॉटची इंडक्शन शेगडी एकदम लावलीत की ब्रेकर पडणारच. वायर बाहेर वापरायची, १४ किंवा १२ गेजची घ्या. स्वस्तातली १६ गेजची लांब वायर तापते, कारण गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक. जोड ओल्या गवतात पडला तर सॉकेट आपोआप बंद होतं. वीज गेली म्हणून ऑफिसकडे धावण्याआधी जोड कोरडा करा, उंचावर टांगा आणि सॉकेटवरचं रिसेटचं बटण दाबा.

पोळ्या घरून करून न्या, भाजलेला रवा आणि फोडणीचं तयार साहित्य डब्यात न्या, तिथे पाणी घातलं की उपमा. भांडी नळाखाली घासू नका, कोअरकडे तर स्पष्ट मनाई असते. दोन टब लागतात, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. आणि झोपताना खाण्याचं सगळं गाडीत बंद. रॅकून कूलरचं झाकण उघडतात, वरच्या चिवड्याच्या पिशवीचं तर विचारूच नका.

पहिल्या वेळी कुठे?

स्टेट पार्कात मुलांना गुंतवायला जास्त असतं. रेड टॉपला सायकलसाठी जवळजवळ चार मैलांची आयर्न हिल वाट आहे, भिंती-छपराशिवाय झोप न लागणाऱ्या आजोबांसाठी कॉटेज आहेत, ऑफिसात सरपणाची मोळी मिळते. कोअरचं कॅम्पग्राउंड बहुधा साधं असतं, दुकान क्वचितच, पण साइट प्रशस्त आणि पाणी जवळ. पाच वर्षांखालची मुलं आणि पहिलाच टेंट असेल तर आमचा कौल स्टेट पार्कला. दुसऱ्या खेपेपासून, किंवा घरात सीनियर पास असेल तर पहिल्यापासूनच, कोअर.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे बुकिंगच्या आधीच बघून घ्या: गेट. कोअरच्या बहुतेक कॅम्पग्राउंडांचं फाटक रात्री दहाच्या सुमारास बंद होतं ते सकाळीच उघडतं. जॉर्जियाच्या स्टेट पार्कांची वेळही सकाळी सात ते रात्री दहा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर, मुलांना घेऊन, अटलांटाच्या गर्दीतून निघणाऱ्यांनी पोहोचायची वेळ साडेआठच्या पुढे धरू नये. ते जमणारं नसेल तर बुकिंगच शनिवारपासूनचं घ्यावं. दोन रात्रींच्या अटीत ते बसत नसेल तर ऑफिसला फोन करून उशिरा येणाऱ्यांसाठी फाटकाचा कोड मिळतो का ते विचारावं, आणि तो कागदावर लिहून ठेवावा, कारण फाटकापाशी फोनला रेंज असेलच असं नाही.