१९६९च्या कॅमॅरोत कोणतं इंजिन बसवावं?

शेवरलेची १९६७ ते १९६९ची कॅमॅरो घेणारे बरेच जण मूळ इंजिन दमलं की कॅटलॉग उघडतात आणि ज्याचा हॉर्सपॉवरचा आकडा सर्वांत मोठा, त्यावर बोट ठेवतात. या आकड्यावर फार विसंबू नये. १९७१च्या कॉर्व्हेटमधल्या साध्या ३५० घनइंची इंजिनाचा आकडा २७० होता, १९७२मध्ये तो २०० झाला. इंजिन तेच होतं, मोजण्याची पद्धत बदलली. आधी अल्टरनेटर, एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर असं काहीच न जोडता मोजत. नंतर इंजिन गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजू लागले. आजही विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: चाचणीच्या वेळी इंजिनाला काय काय जोडलेलं होतं?

दुसरा प्रश्न: २५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती? हॉर्सपॉवर ही मुळात टॉर्कवरून काढलेली गोष्ट आहे. पाउंड-फूटमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. एखादं इंजिन ६५०० आरपीएमला ४५० हॉर्सपॉवर देत असेल, तर तिथे त्याचा टॉर्क जेमतेम ३६४ पाउंड-फूट असतो. रस्त्यावर गाडीचं आयुष्य २००० ते ३५०० आरपीएममध्ये जातं. ६५००ची गाठ महिन्यातून एखाद्या वेळी पडते. म्हणून विक्रेत्याकडून आरपीएमनुसार टॉर्कचा आलेख मागावा आणि डावीकडून वाचायला सुरुवात करावी.

आलेखाचा आकार मुख्यतः कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरवतो. जास्त आरपीएमला हवा भरायला वेळ कमी मिळतो, म्हणून मोठा कॅम व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवतो. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदमच उघडे राहतात. इंजिन मंद चालत असताना जळलेला वायू तिथून उलटा इनटेकमध्ये घुसतो. लोकांना आवडणारी ती लंगडी धडधड यातूनच येते, आणि तिची किंमत ब्रेकला मोजावी लागते. पॉवर ब्रेकचा बूस्टर इनटेकमधल्या निर्वातावर चालतो. ११ इंच व्यासाचा पडदा आणि १८ इंच पाऱ्याइतका निर्वात धरला, तर बूस्टर साधारण ३८० किलोचा रेटा देतो. मोठ्या कॅमनं निर्वात ९ इंचांवर आणला की रेटा निम्मा होतो, पेडल दगडासारखं लागतं. मग निर्वाताचा वेगळा पंप किंवा हायड्रॉलिक बूस्टर बसवावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लागतो, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते.

आता पर्याय. सर्वांत कमी तोडफोड होते ती स्मॉल ब्लॉक (शेवरलेचं लहान आकाराचं व्ही-८) ३५० किंवा त्यातूनच निघालेल्या ३८३मध्ये. जुने माउंट, जुना गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर सगळं चालतं. ३८३ म्हणजे ३५०चा सिलिंडर ४.०३० इंचांपर्यंत वाढवून त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वरखाली धावेचा) क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा. स्ट्रोक वाढल्यानं खालचा टॉर्क वाढतो. सापळा फ्लायव्हीलपाशी, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकापाशी आहे. १९८५पर्यंतच्या ब्लॉकला मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं, १९८६पासून एकसंध. दोहोंच्या क्रँकवरच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं, त्यामुळे जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकवर बसतच नाही. ते निदान लगेच कळतं. वाईट प्रकार म्हणजे बसतं पण तोल चुकतो. काही ३८३ क्रँकचा तोल बाहेरून, म्हणजे फ्लायव्हील आणि पुढच्या डँपरवरच्या वजनांनी साधलेला असतो. तिथे साधं फ्लायव्हील लावलं तर गाडी थरथरते आणि मेन बेअरिंग जातात. इंजिन मागवतानाच हे विचारून घ्यावं. कॅम शक्यतो रोलरचा, म्हणजे त्यावर टेकणाऱ्या टॅपेटला चाक असलेला, घ्यावा. सपाट टॅपेटचा असेल तर जस्त-फॉस्फरसचं संयुग भरपूर असलेलं ऑइल घालून, सुरू होताच वीसेक मिनिटं २००० ते २५०० आरपीएमला चालवावं लागतं. आयडलवर ठेवलं तर कॅमला पुरेसं ऑइल उडत नाही आणि त्याची टोकं घासली जातात.

रोज चालवायची असेल तर एलएस३ला, म्हणजे शेवरलेच्या नव्या पिढीतल्या व्ही-८ला, तोड नाही. ६.२ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, २००८च्या कॉर्व्हेटमध्ये ४३० हॉर्सपॉवर, तेही नव्या पद्धतीनं मोजलेले. लोखंडी ३५०पेक्षा पन्नासेक किलोनं हलकं. पण फक्त इंजिनाची किंमत पाहून हिशेब करू नये. माउंटसाठी अडॉप्टर पट्ट्या लागतात. ट्रकचा खोल ऑइल पॅन पुढच्या क्रॉसमेंबरला (सांगाड्याच्या आडव्या तुळईला) अडतो, म्हणून वेगळा पॅन लागतो. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय इंधनदाब पुरतो, इथे ५८ लागतो. म्हणजे टाकीतच पंप, आणि वळणावर तो कोरडा पडू नये म्हणून टाकीत आडपडदे. थ्रॉटल तारेनं चालत नाही, विजेवर चालतो, त्यामुळे पेडलही बदलावं लागतं. वायरिंग आणि कॉम्प्युटर याच इंजिनाच्या ५८ दातांच्या क्रँक चक्राशी (सेन्सर ज्यावरून क्रँकची जागा ओळखतो) जुळणारे हवेत. आधीच्या एलएसचं चक्र २४चं असतं. एक नळी हमखास विसरली जाते: हेडच्या वरच्या भोकांतून वाफ रेडिएटरकडे नेणारी. ती बुजवली तर हेडमध्ये हवेचे फुगे अडकतात आणि तापमापकाचा काटा ठीक दिसत असतानाही एखादा सिलिंडर भाजतो.

४५४ घनइंची बिग ब्लॉक, म्हणजे शेवरलेचं मोठ्या आकाराचं व्ही-८, घालायचा मोह आवरावा, गाडी मुळातच बिग ब्लॉकची असेल तर गोष्ट वेगळी. तो ३५०पेक्षा पन्नासेक किलो जड, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. पुढच्या स्प्रिंग आणि रेडिएटर दोन्ही बदलावे लागतात.

कोणतंही इंजिन निवडा, मागच्या ॲक्सलचा हिशेब आधी करा. ४०० पाउंड-फूट, पहिला गिअर २.५२, ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३: गुणाकार ३७६० पाउंड-फूटवर जातो. गाडी सुटताना कन्व्हर्टर त्यात आणखी भर घालतो, कधी दुप्पट. कॅमॅरोचा ८.२ इंची टेन-बोल्ट ॲक्सल हे चिकट टायरांसह फार दिवस सोसत नाही. ट्वेल्व्ह-बोल्ट किंवा फोर्डचा ९ इंची बसवण्याचे पैसे इंजिनाच्याच खात्यात धरावेत.

आणि काढलेलं इंजिन गाडीचं मूळचं असेल तर भंगारात देऊ नये. ब्लॉकवरचे कोड गाडीशी जुळत असतील तर विकताना मोठा फरक पडतो. सिलिंडरमध्ये ऑइल सोडून, तोंडं बंद करून ठेवावं. पुढेमागे मशीन शॉपमध्ये दिलंच, तर ब्लॉकचा माथा घासण्याआधी बजावून सांगावं: हेडच्या पुढची कोड कोरलेली पट्टी त्याच पातळीत असते, एका फेऱ्यात साफ होते.